एका तपास-अधिकाऱ्याचे पुस्तक आणि चार न्यायालये

गोन्सालो अमाराल या पोर्तुगीज पोलिस अधिकाऱ्याविरुद्ध केट आणि जेरी मॅकॅन या ब्रिटिश डॉक्टर दांपत्याने २००९ साली लिस्बनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्याचा शेवट २०२२ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात झाला. भांडण एका पुस्तकावरून होते. 'मॅडी : आ व्हेर्दाद दा मेंतीरा', म्हणजे 'मॅडी : खोट्यातले खरे', हे अमाराल यांचे पुस्तक २४ जुलै २००८ रोजी बाजारात आले. मॅडी ही मॅकॅन यांची थोरली मुलगी मॅडेलिन. ३ मे २००७ च्या रात्री पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर सुट्टीला उतरलेल्या घरातून ती नाहीशी झाली आणि अजून सापडलेली नाही. पुस्तकाचा लेखक हा तिच्या शोधाचा पहिले पाच महिने प्रमुख होता.

मुलीचे काय झाले, हे या दाव्यात एकाही न्यायालयाने सांगितलेले नाही. तसे सांगणे त्यांच्यापुढचे कामच नव्हते. तरी ब्रिटन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांतल्या लोकांनी प्रत्येक निकाल जणू त्याच प्रश्नाचे उत्तर आहे असा वाचला, आणि एवढ्या वर्षांचा गदारोळ बराचसा या वाचनातूनच उठला.

प्राया दा लूझ हे आल्गार्व्ह प्रांतातले, लागोस शहराजवळचे किनाऱ्यावरचे लहान गाव. तिथल्या 'ओशन क्लब' या पर्यटकांच्या वसाहतीत तळमजल्यावरची ५ए क्रमांकाची सदनिका मॅकॅन कुटुंबाने घेतली होती. मॅडेलिनच्या चौथ्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते. त्याच खोलीत तिची दोन वर्षांची जुळी भावंडे झोपली होती. आईवडील सात मित्रांसोबत वसाहतीतल्याच तापास उपाहारगृहात जेवायला बसले होते. सरळ रेषेत हे अंतर पन्नास-पंचावन्न मीटर. पायी जायचे तर वळसा घालावा लागे. अंगणाकडचे सरकते दार कुलूप न लावता नुसते ओढून घेतलेले होते. मोठी माणसे पाळीपाळीने उठून मुलांकडे डोकावून येत. रात्री दहाच्या सुमारास केट गेल्या, तेव्हा मॅडेलिनचा बिछाना रिकामा होता. मुलांना एकटे ठेवून आईबाप जेवायला गेले कसे, हा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून जो सुरू झाला तो आजही थांबलेला नाही. लोकांच्या मनात या दांपत्याविषयी जी अढी बसली तिचे मूळ पुस्तकाच्या फार आधीचे, या जेवणाच्या टेबलापाशीच आहे.

तपास 'पोलिसिया जुडिसिआरिआ' या पोर्तुगालच्या गुन्हे-अन्वेषण पोलिसांकडे गेला. पोर्तिमाव इथल्या शाखेचे समन्वयक अमाराल होते. पोर्तुगालमध्ये चालू तपासावर तेव्हा 'सेग्रेदु द जुश्तीसा', म्हणजे न्यायप्रक्रियेच्या गुप्ततेचे बंधन असे. पोलिसांनी रोज संध्याकाळी माहिती द्यावी, ही लंडनच्या वार्ताहरांची सवय तिथे चालली नाही. अधिकृत तोंडे बंद राहिली. अनधिकृत तोंडे मात्र बंद राहिली नाहीत. नाव न सांगणाऱ्या 'तपासाशी संबंधित सूत्रां'च्या हवाल्याने लिस्बनच्या वृत्तपत्रांत बातमी येई, दुसऱ्या दिवशी ती तिखटमीठ लावून लंडनला छापली जाई, आणि तिसऱ्या दिवशी लंडनचा हवाला देऊन पुन्हा लिस्बनला.

जुलैअखेर इंग्लंडहून दोन स्पॅनियल कुत्रे आणले गेले. एडी हा मृतदेहाच्या वासाचा, कीला ही रक्ताच्या वासाची. ५ए सदनिकेत, आणि मुलगी नाहीशी झाल्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने मॅकॅन यांनी भाड्याने घेतलेल्या रेनो गाडीत, या कुत्र्यांनी इशारे दिले. उचललेले नमुने बर्मिंगहॅमच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. गाडीतल्या एका नमुन्यात मॅडेलिनच्या डीएनए-नकाशातल्या १९ घटकांपैकी १५ घटक दिसले. हा पंधराचा आकडा वर्तमानपत्रांतून जगभर फिरला. नमुना तपासणाऱ्या शास्त्रज्ञाने ३ सप्टेंबरच्या ईमेलमध्ये पुढे लिहिले होते की नमुन्यात एकूण ३७ घटक आहेत, म्हणजे किमान तीन माणसांची सरमिसळ आहे, आणि एवढ्या गुंतागुंतीच्या मिश्रणातून अर्थपूर्ण निष्कर्ष निघत नाही. हा भाग फिरला नाही. कुत्र्याने दिलेला इशारा स्वतंत्र पुराव्याने पक्का झाल्याशिवाय त्याला पुरावा म्हणता येत नाही, हा नियमही मथळ्यात मावणारा नव्हता.

चार दिवसांनी, ७ सप्टेंबर २००७ रोजी, केट आणि जेरी यांना 'आर्गीदु' करण्यात आले. इंग्रजी वृत्तपत्रांनी या शब्दाचे भाषांतर 'अधिकृत संशयित' असे केले, आणि तिथून वाद आणखी बिघडला. पोर्तुगीज कायद्यातला आर्गीदु आरोपी नसतो, नुसता साक्षीदारही नसतो. मधली पायरी आहे ती. त्या पायरीवर उभे केलेल्या माणसाला वकील सोबत ठेवण्याचा आणि प्रश्नांना उत्तर न देण्याचा हक्क मिळतो, म्हणजे हा दर्जा काही अंशी त्या माणसाच्या रक्षणासाठीच असतो. केट यांना ४८ प्रश्न विचारले गेले आणि वकिलाच्या सल्ल्याने त्यांनी त्यांची उत्तरे दिली नाहीत. पुढची अनेक वर्षे 'अठ्ठेचाळीस प्रश्न' हे शब्द त्यांच्याविरुद्धचा पुरावा असल्यासारखे वापरले गेले. गप्प राहण्याचा हक्क त्यांना आर्गीदु या दर्जानेच दिला होता, हे वापरणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच असे.

अमाराल यांचा तर्क या काळात पक्का झाला. मुलीचा मृत्यू सदनिकेतच अपघाताने झाला, आईवडिलांनी तो लपवला आणि अपहरणाचा देखावा उभा केला, असे ते मानत होते. मॅकॅन दांपत्याने हे पहिल्या दिवसापासून साफ नाकारले आहे. २ ऑक्टोबर २००७ रोजी अमाराल यांना तपासावरून दूर केले गेले. तर्क चुकला हे त्यामागचे कारण नव्हते. 'दियारियु द नोतीसियास' या दैनिकाशी बोलताना त्यांनी ब्रिटिश पोलिस मॅकॅन यांना हवे तेच धागे तपासतात असा आरोप केला होता. दूर केले गेले त्या दिवशी त्यांचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस होता.

अमाराल यांच्यामागे आधीचेही एक प्रकरण होते. २००४ साली पोर्तिमावजवळच्याच एका गावातून आठ वर्षांची मुलगी नाहीशी झाली. मृतदेह सापडला नाही, तरी तिची आई आणि मामा खुनाबद्दल दोषी ठरले. चौकशीत पोलिसांनी मारहाण केल्याचा आरोप आईने केला. अमाराल मारहाणीच्या वेळी हजर नव्हते, पण त्यासंबंधी खोटी साक्ष दिल्याबद्दल मे २००९ मध्ये त्यांना दीड वर्षाची स्थगित शिक्षा झाली. मॅकॅन यांच्या बाजूच्या लोकांना हे प्रकरण तोंडपाठ होते. अमाराल यांच्या बाजूचे लोक त्याच प्रकरणातून उलटा धडा काढीत: मृतदेह नसतानाही आईच दोषी निघू शकते.

२१ जुलै २००८ रोजी पोर्तुगालच्या महाअभियोक्त्यांनी तपास बंद केल्याचे जाहीर केले. मॅकॅन दांपत्य आणि गावातला एक ब्रिटिश रहिवासी, अशा तिघांचाही आर्गीदु दर्जा उठला; त्यांनी गुन्हा केल्याचा पुरावा मिळालेला नाही, असे आदेशात होते. तीन दिवसांनी पुस्तक दुकानांत आले. एवढ्यात पुस्तक लिहून होत नाही. तपास कागदोपत्री चालू असतानाच मजकूर छापखान्यात गेला होता, हे उघड आहे. अमाराल त्याच सुमारास सेवेतून निवृत्त झाले होते. प्रकाशन-संस्थेचे नाव 'गेरा इ पाझ', म्हणजे 'युद्ध आणि शांती'. आणखी दहा-अकरा दिवसांनी, ४ ऑगस्टला, पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी तपासाची हजारो पानांची फाइल डीव्हीडीवर पत्रकारांना खुली केली. पुढच्या सगळ्या निकालांत ही डीव्हीडी अमाराल यांच्या वकिलांपेक्षाही जास्त कामी आली.

पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि युरोपातल्या अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. इंग्रजीत मात्र कोणत्याही प्रकाशकाने हात घातला नाही. त्याचे कारण ब्रिटिश कायद्यात आहे. तिथे अब्रुनुकसानीच्या दाव्यात मजकूर खरा असल्याचे सिद्ध करण्याचा भार छापणाऱ्यावर पडतो. मार्च २००८ मध्ये एक्स्प्रेस समूहाच्या वृत्तपत्रांनी मॅकॅन यांच्यावरच्या बातम्यांबद्दल पहिल्या पानावर माफी मागून मॅडेलिनच्या शोधनिधीला साडेपाच लाख पौंड दिले होते. जुलैत त्या ब्रिटिश रहिवाशाला अकरा वृत्तपत्रांकडून मिळून सहा लाख पौंड मिळाले, आणि ऑक्टोबरमध्ये टेबलावरच्या सात मित्रांना पावणेचार लाख. पुढे २०१३ साली, अमाराल यांचाच तर्क पत्रकांतून पसरवणार नाही असे लंडनच्या उच्च न्यायालयाला लिहून देऊन ते मोडणाऱ्या एका निवृत्त वकिलाला तीन महिन्यांची स्थगित कैद झाली. एकच विधान लिस्बनच्या दुकानात पुस्तक म्हणून विकले जात होते आणि लंडनमध्ये तुरुंगाच्या दारापर्यंत नेत होते.

पोर्तुगालमधला कायदा या दोन्ही टोकांच्या मधे आहे. तिथल्या राज्यघटनेचे २६वे कलम नाव, प्रतिष्ठा आणि खाजगी आयुष्य यांचे रक्षण करते; ३७वे कलम अभिव्यक्तीचे. दोन्ही हक्क एकाच पायरीचे, आणि त्यांची टक्कर झाली तर तराजू न्यायाधीशाच्या हाती. भरपाईचे नियम १९६६ च्या नागरी संहितेत आहेत. गोव्याच्या वाचकाला 'पोर्तुगीज नागरी संहिता' हे शब्द घरचे वाटतील, पण गोव्यात कुटुंबविषयक बाबींत चालत आली ती १८६७ ची जुनी संहिता. नवी आली तेव्हा गोवा मुक्त होऊन पाच वर्षे लोटली होती. आणखी एक गोष्ट लिस्बनच्या न्यायाधीशांच्या मनात असणार. अब्रुनुकसानीच्या खटल्यांत पत्रकारांना वाजवीपेक्षा जास्त शिक्षा केल्याबद्दल स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने पोर्तुगालला २००० सालापासून वेळोवेळी दोषी धरले होते. वरच्या न्यायालयांनी त्यातून धडा घेतला होता. खालच्यांनी तो कमी-जास्त प्रमाणात घेतला होता.

एप्रिल २००९ मध्ये 'टीव्हीआय' वाहिनीने पुस्तकावरचा माहितीपट दाखवला आणि मॅकॅन यांनी अमाराल, प्रकाशक, निर्माते आणि वाहिनी यांच्याविरुद्ध बारा लाख युरोंचा दावा केला. ९ सप्टेंबरला पुस्तकावर तात्पुरता मनाई हुकूम आला. न विकलेल्या प्रती दुकानांतून आणि गोदामांतून गोळा करून मॅकॅन यांच्या वकील इझाबेल दुआर्ते यांच्या ताब्यात द्याव्या लागल्या. पुस्तक विरोधी पक्षाच्या वकिलाकडे कुलूपबंद, असे दृश्य प्रकाशनव्यवसायात वारंवार दिसत नाही. अमाराल यांची मालमत्ताही गोठवली गेली. ऑक्टोबर २०१० मध्ये लिस्बनच्या अपील न्यायालयाने हा हुकूम रद्द केला. मुलीच्या शोधासाठी मॅकॅन यांनी स्वतःच जगभर मुलाखती दिल्या, आपले खाजगी आयुष्य स्वतःहून लोकांपुढे मांडले, तेव्हा त्या आयुष्याचे कुंपण त्यांनीच मागे घेतले, असे या न्यायालयाचे म्हणणे होते. हा मुद्दा कायद्याने बरोबर असेल. माणूस म्हणून तो गिळायला जड आहे. मुलगी हरवलेल्या आईबापांपुढे छायाचित्र घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याखेरीज दुसरा मार्ग कोणता होता?

मुख्य सुनावणी सप्टेंबर २०१३ मध्ये लागली. त्याआधी तडजोडीचा एक प्रयत्न फसला होता. जुलै २०१४ मध्ये केट आणि जेरी यांनी स्वतः लिस्बनच्या न्यायालयात येऊन जबाब दिले. पुस्तकाने काय नुकसान केले, हा तिथला कळीचा प्रश्न होता. आईवडिलांचे म्हणणे होते की मुलगी मेली आहे असे मानून लोक शोध घेणेच सोडून देतात, आणि जुळी मुले मोठी होऊन हे वाचतील. बचावाचे उत्तर सरळ होते: पुस्तकात आहे ते फाइलमध्ये आहे, आणि फाइल सरकारनेच वाटली आहे.

एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या पायरीच्या न्यायालयाने मॅकॅन यांच्या बाजूने कौल दिला. दोघांना प्रत्येकी अडीच लाख युरो, वर व्याज, आणि पुस्तकाच्या विक्रीला बंदी. या निकालाचा कणा 'मौनाचे कर्तव्य' हा होता. पोलिस अधिकाऱ्याला पदामुळे जे कळते ते त्याचे नसते. निवृत्तीने हे बंधन एका रात्रीत गळून पडत नाही. आणि त्याच्या तोंडून आलेल्या तर्काला लोक शेजाऱ्याच्या तर्कापेक्षा जास्त वजन देतात. या साऱ्या वादातला सर्वांत विचार करण्याजोगा युक्तिवाद हाच होता. वरच्या न्यायालयांनी तो बाजूला सारला, पण त्याला पुरते उत्तर दिले असे म्हणवत नाही.

निकालानंतर अमाराल यांच्या अपिलासाठी ब्रिटनमध्ये वर्गणी सुरू झाली. तिला सुरुवात एका तरुण विद्यार्थिनीने केली होती, आणि पाहता पाहता पन्नास हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. ज्या देशात हे पुस्तक छापण्याची कोणाची हिंमत नव्हती, तिथल्याच लोकांनी पाच-दहा पौंडांच्या हप्त्यांनी ते वाचवले. देणाऱ्यांत सगळे काही अमाराल यांचा तर्क मानणारे नव्हते. पैसा आणि प्रसिद्धी ज्यांच्यापाशी आहे त्यांनी एका निवृत्त पोलिसाला कंगाल करू नये, एवढ्यासाठी देणारेही बरेच होते. दुसऱ्या बाजूला लोक विचारीत की या माणसाने ज्यांच्यावर संशयाचे पुस्तक विकून कमाई केली, त्यांची मुलगी अजून घरी आलेली नाही. तो बिचारा कसा?

एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि ३१ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवलेलाच कायम केला. तर्कातली वस्तुस्थिती तपासाच्या फाइलमधली आहे, मॅकॅन यांना आर्गीदु करताना पोलिसांनी जे गृहीत धरले तेच अमाराल यांनी लिहिले, आणि निवृत्त माणसाला त्यावर आपले मत मांडता येते, असा या निकालांचा गाभा. मॅकॅन यांच्या वकिलांनी त्यावर म्हटले होते की तपास बंद होताना हे दोघे निर्दोष ठरले, तेव्हा त्यानंतर संशय छापणे हे निर्दोषत्वाच्या गृहीतकाचे उल्लंघन आहे. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की फाइल बंद झाली ती पुरेसा पुरावा मिळवता न आल्यामुळे. तिला निर्दोष ठरवणे म्हणता येत नाही.

हे एक वाक्य निकालातून सुटून बाहेर पडले. 'सर्वोच्च न्यायालयाने मॅकॅन यांना निर्दोष मानण्यास नकार दिला' असे मथळे झाले, आणि अमाराल यांच्या चाहत्यांना तो दोषारोपच वाटला. आपण फौजदारी जबाबदारी ठरवत नाही, प्रश्न फक्त पुस्तक लिहिण्याच्या हक्काचा आहे, हे त्याच निकालात स्पष्ट लिहिलेले होते. पुरावा न मिळणे आणि निर्दोष शाबीत होणे यांतला फरक वकिलाला रोजचा. ज्याच्या नावावर तो लावला जातो त्याला मात्र तो शिक्षेसारखाच जाणवतो. जो खटला चाललाच नाही त्यातून सुटणार कसे? मॅकॅन यांनी हा निकाल रद्द व्हावा म्हणून अर्ज केला. मार्च २०१७ मध्ये तोही फेटाळला गेला.

जुलै २०१७ मध्ये दोघे स्ट्रासबुर्गला गेले. तिथल्या दप्तरात प्रकरणाचे नाव 'मॅकॅन आणि हीली विरुद्ध पोर्तुगाल'. हीली हे केट यांचे माहेरचे आडनाव. आता प्रतिवादी अमाराल नव्हते, पोर्तुगाल हे राज्य होते, आणि प्रश्न एवढाच उरला होता की पोर्तुगीज न्यायालयांनी दोन हक्कांची तुलना नीट केली की नाही. २० सप्टेंबर २०२२ रोजी सात न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की नीट केली. प्रतिष्ठेला धक्का बसला असेल, तर तो पुस्तकातल्या तर्कामुळे बसला असे म्हणता येत नाही. संशयामुळे बसला, आणि तो संशय, त्यावरची चौकशी आणि माध्यमांतला गाजावाजा पुस्तकाच्या आधीचा आहे. फाइल खुली झाल्यावर सगळे तपशील लोकांपुढे होतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या शब्दांतून दोष सूचित होत नाही, म्हणून निर्दोषत्वाविषयीची तक्रार विचारात घेण्याजोगीच नाही, असेही ठरले.

मधल्या काळात प्रकरणाची दिशाच बदलली होती. स्कॉटलंड यार्डने २०११ साली 'ऑपरेशन ग्रेंज' हा स्वतंत्र आढावा सुरू केला. त्यावर १ कोटी ३० लाख पौंडांहून अधिक खर्च झाला आणि त्यात आईवडिलांना संशयित मानले गेले नाही. जून २०२० मध्ये जर्मन पोलिसांनी दुसऱ्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असलेल्या एका जर्मन माणसावर संशय जाहीर केला, आणि एप्रिल २०२२ मध्ये पोर्तुगालनेही त्याला आर्गीदु केले. तो आरोप नाकारतो. अमाराल यांनी २०२१ साली दुसरे पुस्तक काढून जुन्याच तर्काची पाठराखण केली. स्ट्रासबुर्गचा निकाल आला तेव्हा मॅकॅन यांनी निराशा व्यक्त केली, आणि दावा लावला त्यानंतर बरेच काही बदलले आहे, आता लक्ष शोधावर आहे, असे सांगितले.

त्या निकालात पुस्तकाच्या तारखेविषयी एक बारीक निरीक्षण आहे. तपास बंद झाल्यावर तीन दिवसांनी पुस्तक काढताना, या तपासाचा शेवट काय झाला हे वाचकाला सांगणारी एखादी टीप अमाराल यांना खबरदारी म्हणून घालता आली असती, असे न्यायाधीशांनी लिहिले. मात्र ती नाही एवढ्यावरून लेखकाचा हेतू वाईट होता असे सिद्ध होत नाही. छापलेल्या पुस्तकाला चिकटवायला एक चिठ्ठी पुरली असती. २००८ च्या जुलैत ती कोणी चिकटवली नाही.